शेंडेनक्षत्राची शेपूट

शेलूचे वाल्मिकदादा जन्मभर गावोगावच्या नाटकांचे पडदे रंगवत आले. राजवाडा, जंगल, रस्ता. आता जत्रेतल्या नाटकामागं एलईडीचा पडदा लागतो. दादांचे ब्रश वाळून काठी झालेत. दुसरा नाद मात्र सुटला नाही. हॅलेपासून जेवढे धूमकेतू दिसले, तेवढ्यांची चित्रं त्यांनी पेन्सिलीनं वहीत काढून ठेवलीत.

२०२४च्या ऑक्टोबरात नवा धूमकेतू आला. सूर्य बुडाल्यावर, पश्चिमेला, अगदी खाली. दादांच्या अंगणातून पश्चिमेला आधीच डोंगर, त्यात आता सात मजली इमारत. तीन दिवस ते गल्लीत येरझारा घालत राहिले. कधी ढग, कधी इमारतीच्या गच्चीला कुलूप. चौथ्या दिवशी सून सुप्रिया नेरळहून कामावरून आली, तर हे दुर्बीण गळ्यात अडकवून दारातच.

"चल गं, नदीपल्याड. स्कूटी काढ."

"बाबा, बघायचंय पश्चिमेला ना? मग उलटं पूर्वेला कशाला?"

"लांब गेलं की डोंगर बुटका होतो. चल, शेंडेनक्षत्र थांबनार नाय."

पुलावरून उल्हास ओलांडून दोघं पिकल्या भाताच्या बांधावर उभे राहिले. आधी शुक्र दिसला. दादांनी दुर्बीण लावली. मग शुक्राच्या उजव्या हाताला एक पुसट रेघ सापडली.

"हाय! हाय गं!"

सुप्रियाला काही दिसेना. तिनं मोबाईल स्कूटीच्या सीटवर टेकवून फोटो काढला. फोटोत लांबलचक पांढरी शेपूट.

दादा उखडले. "एवढी नाय ती! आता सगळं असंच. हाय त्याच्यापरीस फुगवून दाखवायचं."

"आणि तुमचा सत्त्याण्णवच्या धूमकेतूचा पडदा? आमच्या गावच्या नाटकाला लागायचा. शेपूट या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, बाबा."

दादांनी दुर्बीण पुसायला घेतली. "मागल्या रांगंला दिसावी म्हनून," शेवटी पुटपुटले. मग हसले, पण हसू टिकलं नाही.

घरी त्यांनी वही उघडली. बोटभर रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली. मग सुप्रियाचा मोबाईल मागून घेतला आणि शेजारच्या पानावर फोटोतली शेपूट उतरवली. खाली लिहिलं, 'सुप्रियाच्या मोबाईलला दिसली तशी.'

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. दादा तरी सूर्य बुडायच्या वेळी दुर्बीण घेऊन पुलापर्यंत चालत जाऊन आले.