पानओव्याचा वास

डोंगरकडा गावच्या शाळेत शकुबाई लेकरांची खिचडी शिजवायची. तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या बायकांना ती सांगायची, कढईत बघू नका, नुसता वास घ्या. जिरं करपायच्या जरा अलीकडे कसं दरवळायला लागतं, डाळ शिजत आली की वाफेचा वास कसा गोडसर होतो, हे तिला पाठ फिरवून उभी असतानाही कळायचं. तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडलं की आतला दाणा दमट आहे की कोरडा, ते ती हात न लावता सांगायची. चव घेऊन बघायची वेळ तिच्यावर क्वचितच आली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिलाही ताप आला. बऱ्याच जणांसारखा तिने तो अंगावरच काढला. ताप उतरला, खोकला गेला, पण नाक मात्र कोरं झालं. शाळा बंदच होत्या, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. आज ना उद्या वास येईल, म्हणून ती वाट बघत राहिली.

त्या हिवाळ्यात तिची लेक प्रतीक्षा बाळंतपणाला सेनगावहून माहेरी आली. मुलगी झाली. शकुबाई नातीला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, आणि मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर नाक टेकवायची. तेल, धुरी, दूध यांचा मिळून बाळंतघरात जो वास असतो, तो तिच्या ओळखीचा होता. आता तिथे काहीच नव्हतं. काचेपलीकडचं बाळ बघावं, तसं तिला वाटायचं. तो वास पहिल्या काही महिन्यांपुरताच असतो, हे तिला ठाऊक होतं. नात रांगायला लागेपर्यंत तो निघूनही गेला.

लेक सासरी गेल्यावर एके सकाळी शकुबाई चहा टाकायला उठली. काडीपेटी हातात घेतली, काडी बाहेर काढली, आणि तेवढ्यात शेजारची खतीजाबी मधलं ठेंगणं कुंपण ओलांडून आत आली. तिने शकुबाईच्या हातातली काडीपेटी हिसकावली, शेगडीमागे हात घालून सिलिंडर बंद केलं आणि दार-खिडक्या उघडल्या. रबरी नळी उंदराने कुरतडली होती. गॅसचा वास पार खतीजाबीच्या अंगणापर्यंत गेला होता.

दोघी बाहेर ओट्यावर बसल्या. खतीजाबी म्हणाली, "शकू, तुला वास येऊन न्हाई राहिला?"

"न्हाई, भाबी. तापापासून काहीच न्हाई."

खतीजाबी तिच्यावर रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मग सांगितलं काहून न्हाई?" खिचडी हीच शकुबाईची ओळख होती, आणि नाक गेलं म्हणजे ती ओळखच गेली, असं काहीसं तिच्या मनात होतं. पण ते तिला शब्दांत सांगता आलं नाही.

शाळेत पुन्हा चूल पेटवायची वेळ आली, तेव्हा ती मुख्याध्यापकांकडे गेली आणि नाही म्हणून आली. लेकरांच्या ताटात काय चाललंय ते मला कळत नाही, मग मी रांधायचं कसं, एवढंच ती बोलली. तिच्या जागी गावातलीच जीवनबाई लागली. शकुबाईचा नवरा वैजनाथ तिला नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर सरळ बोलणारे होते. वास परत येईल किंवा येणारही नाही, याला हमखास औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. पण रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीचे उग्र वास नाकाजवळ धरावेत, लवंग, लिंबू, काहीही, आणि तो वास आठवायचा प्रयत्न करावा, कधीकधी नाक पुन्हा शिकतं, असंही ते म्हणाले.

हे ऐकून खतीजाबीने आपल्या पानओव्याची फांदी मोडून दिली. तिच्या अंगणात जुन्या तेलाच्या डब्यांत पानओवा फोफावलेला होता. जाड, लुसलुशीत, बारीक लव असलेली पानं, कडेला कातरल्यासारखी. नुसता पदर लागला तरी ओव्यासारखा घमघमाट सुटायचा. गल्लीतल्या कोणाच्या पोटात दुखलं, मोठ्या लेकराला खोकला झाला, की पान तिच्याकडूनच जायचं. तव्यावर जरा शेकायचं, रस पिळायचा, त्यात मध घालायचा. तान्ह्या लेकरांना मात्र ती देऊ द्यायची नाही, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठा म्हणायची.

पहिली फांदी शकुबाईने मारली. जगावी म्हणून ती येता-जाता पाणी घालत राहिली आणि देठ काळा पडून सडला. खतीजाबीने दुसरी फांदी आणली आणि स्वतः लावून दिली. डब्याच्या बुडाला भोकं पाडली, मातीत रेती आणि जुनं शेणखत मिसळलं, आणि माती सुकल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही, अशी ताकीद दिली. उन्हाळ्यात डबा पडवीच्या सावलीत सरकवला. पानं मरगळली, पण देठ तगला, आणि पावसाळ्यात झाड डब्याबाहेर ओसंडलं.

शकुबाई रोज उठल्यावर आणि दिवेलागणीला एक पान चुरगाळून नाकाशी धरायची, डोळे मिटायची. काही यायचं नाही. वास आठवायचा म्हणजे काय करायचं, तेही तिला समजेना. रंग आठवतो, आवाज आठवतो, वास कसा आठवायचा? मग ती वासाभोवतीचं आठवायची. खतीजाबीच्या सासूने पहिल्यांदा खायला दिलेली पानओव्याची भजी, तेलात सोडताना होणारा चर्रर आवाज, चटके बसलेली बोटं. पान खाल्लं तर जिभेला तिखटपणा लागायचा, तेवढाच आधार. ती दह्यात वाटून चटणी करायची, बेसनात बुडवून भजी तळायची. वैजनाथ आवडीने खायचा आणि तिला काय लागतंय ते विचारायचं टाळायचा.

गावात हळद शिजवायचे दिवस आले. एका सकाळी शेतांकडून वाफा येत होत्या, आणि शकुबाईच्या नाकात एकदम घाण शिरली. रबर जळाल्यासारखा वास. घरात आली तर कांद्यालाही तोच, फोडणीलाही तोच. तिने धावत जाऊन पानओव्याचं पान चुरगाळलं. तेही घाणेरडं जळकं. तिला वाटलं, झाडालाच काही झालं. उपटून टाकायला तिने देठाला हातही घातला होता.

खतीजाबीने पान हातात घेऊन हुंगलं. "पान बराबर हाय, शकू. झाडाला काही न्हाई झालं."

"मग मला घाण काहून येऊन राहिली?"

"येऊन तर राहिली ना," खतीजाबी म्हणाली.

डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. नाकाच्या नसा जुळताना चुकतात, ही सुधारण्याची खूण असू शकते, सोडू नका. ते दिवस नाक कोरं होतं त्याहून वाईट गेले. शकुबाई दहीभातावर राहिली, वाळली, चिडचिडी झाली. स्वयंपाक वैजनाथने केला, बरावाईट. पण पान चुरगाळणं तिने सोडलं नाही. नाक मुरडून, तोंड वाकडं करून, ती रोज ती दुर्गंधी हुंगत राहिली.

जळकेपणा कधी ओसरला, ते तिला सांगता येत नाही. एके दिवशी पान नाकाशी नेलं तेव्हा तोंड वाकडं झालं नाही, एवढंच तिला आठवतं. मग कापरासारखं काहीतरी, आणि त्यामागे हलकासा ओवा. कांदा आला, लसूण आला. काही वास आलेच नाहीत, अजूनही नाहीत. कढीपत्त्याचा वास तिला येत नाही, आणि दूध उतू गेल्याचं कानानेच कळतं.

पुढल्या शाळेच्या वर्षी मुख्याध्यापकांनी तिला पुन्हा बोलावलं. ती गेली, पण एका अटीवर. जीवनबाईला काढायचं नाही. आता दोघी मिळून रांधतात. पोतं उघडायचं, गॅस सुरू करायचा, ते जीवनबाईच्या नाकावर. फोडणी शकुबाईच्या हातची. आता ती चव घेऊन बघते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही.

परवा शुक्रवारी खतीजाबीने भजी तळली आणि कुंपणावरून ताटली दिली. तिने विचारलं, पहिल्यासारखा वास येतो का.

शकुबाईने भजं मोडलं, बराच वेळ हुंगलं. "पयला कसा होता, तेच आता मला आठवंना, भाबी. हा बी चांगलाच हाय." मग ती कुंपणाच्या अलीकडे आणि खतीजाबी पलीकडे, दोघींनी उभ्याउभ्याच ताटली संपवली.