तुटलेला उखाणा

इंद्रजीत बद्रीनाथरावांच्या ओळखीचा होता, असं म्हणायलाही जीभ कचरते. तो उस्मानपुऱ्यात लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवायचा, गळ्यात हेडफोन अडकवून बसायचा आणि समोरचा चहा हमखास गार करायचा. एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याला बायको-मुलं होती की नाही, हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या मुलीचं, रूपालीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलेलं. बायको मनकर्णाबाई वारल्या आणि बद्रीनाथरावांना एकच ओढ लागली. त्या लग्नात बायांनी गळ घालून मनकर्णाबाईंना उखाणा घ्यायला लावला होता. एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. ते एकदा पुन्हा ऐकायचं होतं.

पण लग्नाची फाईल अवाढव्य. घरच्या जुन्या टीव्हीला जो पेनड्राइव्ह चालायचा, त्यावर इतकी मोठी फाईल चढेचना.

"तुकडे करून देतो काका," इंद्रजीत म्हणाला. "एकामागं एक लावत जायचं."

बद्रीनाथरावांनी घरी लावलं. मनकर्णाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. 'अजिंठ्याच्या वाटेला सीताफळाची बाग...' आणि तिथंच तुकडा संपला. पडदा काळा झाला. पुढचा तुकडा लागेपर्यंत टीव्हीनं सुरुवातीचे शब्द गिळले होते. बाया नुसत्या हसताना दिसत होत्या. त्यांनी पुनःपुन्हा लावून पाहिलं. नाव काही येईना.

दुकानात जाऊन सांगायचं म्हणजे संकटच. या वयात बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकायचंय, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

"पंगतीच्या आधी जरा तुटतंय," ते कसंबसं म्हणाले.

"कॉम्प्युटर फाईल किती मोठी तेवढंच बघून कापतो काका. कोण काय बोलतंय ते त्याला कुठं कळतंय? ठेवून जा, मी बघतो."

दोन-तीन दिवसांनी त्यांनी पेनड्राइव्ह आणला. एक तुकडा इतरांपेक्षा लहान होता, आणि पुढच्या तुकड्यात उखाणा सबंध बसला होता. 'अजिंठ्याच्या वाटेला सीताफळाची बाग, बद्रीनाथरावांच्या नाकावर सदानकदा राग.' बाया हसल्या त्या यावरच. बद्रीनाथरावांना रागावलेलं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. ते अंधार पडेपर्यंत टीव्हीसमोर बसून राहिले.

नीट लागलं, हे इंद्रजीतला सांगायला ते आठवडाभरानं गेले. इतके दिवस का लावले, कोण जाणे. शटर बंद होतं. पाचोडहून लग्नाचं शूटिंग करून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं, तो जागीच गेला होता. शेजारच्या पानवाल्यानं पत्ता दिला. घरी त्याची आई चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तुम्ही कोण त्याचे?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक," बद्रीनाथराव म्हणाले.

वाटेनं परतताना त्यांना पेनड्राइव्ह घेतला तेव्हाचं बोलणं आठवत राहिलं. इंद्रजीतनं गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते.

"काका, तुम्हाला लई राग येतो म्हणं."

बद्रीनाथराव लाजून खाली बघत म्हणाले, "आता नाय येत."

"घरी लावून बघा. कुठं अडकलं तर सांगा."

"सांगतो."