बाराव्या मिनिटाची टकटक

शौकतभाई मशीनला हात लावण्याआधी कान लावायचे. खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक बेअरिंगजवळ टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. सणसवाडीच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या बारा प्रेस एकाच वेळी आदळत असायच्या. शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही. त्या गोंगाटात हा माणूस अर्धा मिनिट तसाच उभा राहायचा आणि मग शांतपणे सांगायचा, "आतली गोळी फुटलीया. आठ दिस काढंल फार तर." उघडून पाहावं तर गोळी फुटलेलीच असायची.

ते मेंटेनन्सला फिटर होते, मी क्वालिटीला. ते कासुर्डीचे. रोज मोटरसायकलवर भीमा ओलांडून यायचे, आणि मी शिरूरहून कंपनीच्या बसने. त्यांचे वडील गुऱ्हाळाची इंजिनं दुरुस्त करायचे, तेही असाच कान लावून. मी तयार भाग तपासताना मोजपट्टी हातात घेतली की ते मागून म्हणायचे, "काय क्वालिटीवाले, डोळ्यानं किती बघशीला? जरा आयका बी." मी वयाने निम्मा, पण मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही.

मला तेव्हा एका गिटारवाल्याचं वेड होतं. बंगळुरूचा, प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात ते दणदणीत रॉक संगीत वाजवणारा. गाणारा कुणी नाही, एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांची, आणि ताल दर दोन मिनिटांनी बदलणारा. घरी लावलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, काय पडलं रे? एकदा जेवणाच्या सुट्टीत शौकतभाईंनी माझ्या एका कानातला इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी डोळे मिटले. डब्यातली पोळी तशीच राहिली.

"सातावर पडतंय," ते म्हणाले. "आता पाचावर. चुकलं चुकलं वाटतंय, पर चुकत न्हाई. कोण चालवतंय ही मशीन?"

त्या वादकाच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता आणि मी त्याचा ॲडमिन. मी शौकतभाईंना त्यात घेतलं. दोनेकशे कॉलेजच्या पोरापोरींमध्ये पांढऱ्या दाढीचा एकच फोटो. मेंटेनन्सच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. ते दुपारी फोन त्या कपाटावर आडवा ठेवायचे आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून गाणं ऐकायचे. "इयरफोनात हवा मधी येती," म्हणायचे. "लोखंडात येत न्हाई." आम्ही सगळे त्यावर भरपूर हसलो आहोत. मी जरा जास्तच.

मग तो वादक आमच्या ग्रुपशी एका रविवारी दुपारी तासभर बोलायला तयार झाला. मुलाखत मी घ्यायची होती. माझ्या डोक्यात हवा गेली. मी ग्रुपवर प्रश्न मागवले आणि दोन दिवसांत शंभरावर प्रश्न आले. तारा कितीच्या वापरता, रोज किती तास सराव, केस कशाने धुता, पुण्यात कधी येणार. शौकतभाईंना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्यांनी बोलून पाठवलं.

"सलाम सगळ्यांला. ते लांबडं गाणं हाय ना, त्यात बाराव्या मिन्टाला समदं थांबतंय. तवा मागं कुठंतरी बारीक वाजतंय. टक, टक, टक. तीनदा. ते गाण्यात हाय का माझ्या कानात हाय? एवढंच इचारा."

ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, चाचांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. चारपाच जणांनी ऐकून पाहिलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. एरवी चेष्टेत बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज खाली होता. "म्होरच्या महिन्यात कंपनीची डाक्टरी तपासनी हाय. तीस वर्सं ह्या कानावर भाकरी खाल्ली म्या. ती टकटक गाण्यात असंल तर कान चांगला हाय. नसंल तर गेला म्हनायचा. मला फकस्त खरं काय ते कळू द्या." मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. "नायतर तुमीच या. कपाटाला लावून आयका. दोन मिन्टं."

माझ्यापुढे रिजेक्शनचा रिपोर्ट होता. "नंतर शौकतभाई," मी म्हणालो. "कामात आहे."

घरी जाताना बसमध्ये इयरफोनवर ऐकलं. बाराव्या मिनिटाला शांतताच होती. मी पंधरा प्रश्न निवडले, त्यात त्यांचा घेतला नाही. एवढ्या मोठ्या कलाकाराला आमच्या फिटरच्या कानाबद्दल काय विचारायचं? खरं सांगायचं तर मला लाज वाटली. त्या वेळी त्यांची वाटली, आता माझी वाटते.

सोमवारी त्यांनी विचारलं, "माझा न्हाई इचारला?"

"वेळच संपली हो."

"व्हय. मोठा मानूस. त्याला कुठला टाइम," ते म्हणाले आणि गेले.

मुलाखतीचं रेकॉर्डिंग ग्रुपवर होतं. शेवटी तो वादक विचारतो, "और कोई सवाल?" आणि मी म्हणतो, "नहीं सर, बस." शौकतभाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं असणारच. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

तपासणीत डॉक्टर सगळ्यांना एक ठरलेला प्रश्न विचारायचे, नसलेले आवाज ऐकू येतात का? आम्ही सगळे सवयीने नाही म्हणायचो. शौकतभाई म्हणाले, "येत्यात. तीन टकटक." त्यांना मेंटेनन्समधून काढून स्टोअरला बसवलं, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. ग्रुपमधून ते आपणहून बाहेर पडले. एकदा चार नंबरच्या प्रेसचा बिघाड कुणाला कळेना, तेव्हा नवा फिटर त्यांना बोलवायला गेला. ते खुर्चीवरून उठले नाहीत. "नगं बाबा," म्हणाले. "ह्या कानाचा भरवसा न्हाई ऱ्हायला."

आठ महिन्यांनी एका सकाळी कामावर निघताना, अंगणात मोटरसायकल काढता काढता ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मातीनंतर चार दिवसांनी मी कासुर्डीला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी एक पिशवी आणून दिली. "कंपनीचं सामान हाय भाऊ. जमा करा." आत धुतलेला गणवेश होता, बूट होते, आणि तो स्क्रू ड्रायव्हर. मूठ कानाच्या बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती. समोर भिंतीला लोखंडी कपाट होतं. का कोण जाणे, मी उठलो, फोन कपाटावर ठेवला, ते गाणं लावलं आणि टोक टेकवलं.

बाराव्या मिनिटाला सगळं थांबलं. टक. टक. टक.

मी परत लावलं. परत तेच. भाभींनी माझं तोंड पाहून मूठ हातात घेतली, पदर बाजूला करून कानाला लावली आणि ऐकलं. "कोनतरी दार वाजवतंय," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी मी त्या वादकाला लिहिलं. शौकतभाईंचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी. ते गेले, हे लिहायला हात धजला नाही. उत्तर तीन आठवड्यांनी आलं.

चाळिसाव्याला पुन्हा कासुर्डीला गेलो. माणसं जेवून पांगल्यावर भाभींना ते उत्तर मराठीत वाचून दाखवलं. "हो, ती टकटक गाण्यातच आहे. तो आमचा ड्रमर. भांडून निघून गेला होता, त्या दिवशी परत आला होता. आत रेकॉर्डिंग चालू होतं. तीनदा दार वाजवून तो गेला, आणि पुढच्याच आठवड्यात अपघातात वारला. मी तो आवाज पुसला नाही. एवढ्या लोकांनी हे गाणं ऐकलं, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. शौकतभाईंना माझा सलाम सांगा. त्यांच्यासारखा कान मी पाहिला नाही."

भाभींनी कपाटाकडे बघितलं.

"आन् दार का न्हाई उघडलं त्यांनी?"

"कामात होते, भाभी," मी म्हणालो.