पवळीची रोटी आणि झमकूबाई

झमकूबाईंवर कोणी काही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्या माणसांना त्या कधी भेटल्या नाहीत, आणि ज्यांना भेटल्या ते सगळे माझ्यासारखे. मी आयुष्यभर शेती केली, त्यामुळे हे नीट उतरेल की नाही ते माहीत नाही. पण आमची पवळी आज गोठ्यात उभी आहे ती त्यांच्यामुळे, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं.

आमचं गाव धुळे तालुक्यात, बरड माळाच्या कडेला. बसथांब्यासमोर निर्मलकुमारचं किराणा दुकान आहे. झमकूबाई त्याची आई. राजस्थानातून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना आमचं बोलणं कळत नव्हतं म्हणतात; आता त्या भांडतातसुद्धा अहिराणीत. घर जैन, सगळं काटेकोर. दिवस मावळल्यावर जेवण नाही, घरात कांदा नाही, आणि तव्यावरची पहिली रोटी गाईची. सकाळी वना गुराखी गावाची गुरं माळावर नेतो, तेव्हा झमकूबाई ओट्यावर रोटी घेऊन उभ्या असतात. आमची पवळी तिथे हमखास थांबायची. गाय आमची, पण तिचा सकाळचा पहिला घास त्यांच्या हातचा.

मागच्या उन्हाळ्यात पवळी गाभण होती. माळावर नुसती वाळलेली काडी. ती आधी गोठ्याची भिंत चाटायला लागली. मग वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर चघळला. माझी बायको सुंदरबाई म्हणाली, "आता मी नेसू काय? हिचं दावं?" आम्ही हसलो. मग एका संध्याकाळी वना गुरं घेऊन आला आणि दारातच थांबला.

"नाना, तुमनी गाय नालामा हाडूक चघळी राह्यनी व्हती. मी काढाले गऊ, त मन्हाच आंगवर धावनी."

गाय आणि हाड! गावभर झालं. कोणी म्हणालं बाधा, कोणी म्हणालं करणी. वनाने उपाय काढला, मुसकं बांधा. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ती दोरीची जाळी. मी बांधली. ती सोडली की गाय सरळ नाल्याकडे जायची, म्हणून वना ती सोडेचना. अर्धा दिवस गाय चरत्या गुरांमध्ये तोंड बांधून उभी. फासळ्या दिसायला लागल्या, मागचे पाय ताठ टाकायला लागली. आणि वनाने कळपाची वाटही बदलली. "जैनसना दारवरथीन अशी गाय कशी लई जाऊ?" तो म्हणाला, आणि गुरं शाळेमागच्या गल्लीने नेऊ लागला.

शेजारपाजारचे म्हणाले, गोशाळेत सोडून या. घरातही तेच ठरत आलं होतं. पोटात वासरू, आणि त्या अवस्थेत ती टेम्पोत चढली तरी तिथवर पोचेल का, हेच मला समजत नव्हतं. पण मी बोललो नाही. मला चारचौघांत बोलणं जमत नाही. सुंदरबाई म्हणाली, "मुसकं गाईले बांधेल शे, का तुमले?"

टेम्पो सांगून ठेवला होता, त्या सकाळी झमकूबाई आमच्या दारात आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली रोटी.

"तोतारामभाऊ, माझी गाय कुठे?"

सुंदरबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "शेठाणी, ती बाटली. हाड खाल्लं तिने."

"कोणाच्या चुलीवरचं खाल्लं का?"

"नाही हो, नाल्यात पडलेलं."

"मग तिला काहीतरी कमी पडतंय, बाई. हौसेने कोणी हाड चघळतं का?" असं म्हणून त्या मुसक्याची गाठ सोडायला लागल्या. सुटेना. "ही गाठ तुमची ना, भाऊ? माणूस एवढा मऊ आणि गाठ बघा!"

मुसकं निघालं. पवळीने रोटी खाल्ली आणि त्यांचा हात चाटत राहिली. टेम्पोवाल्याला त्यांनीच परत पाठवलं आणि गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. आम्ही डॉक्टरला बोलावलंच नव्हतं. हाडाची गोष्ट सांगायची लाज वाटत होती.

डॉक्टर मेघा दुपारी आल्या. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "बाबा, बाधा वगैरे काही नाही. तुमच्या बरडावरच्या वाळल्या गवतात फॉस्फरस फार कमी. पोटातलं वासरू स्वतःची हाडं आईच्या अंगातून बनवतं. ते भरून काढायला ती हाडं शोधते. हिरवं नाही म्हणून अ जीवनसत्त्वही कमी पडतं, वासराचे डोळे कमजोर होतात. नाल्यातल्या हाडांनी वेगळाच जीवघेणा रोग होऊ शकतो, तिकडे नेऊ नका. रोज सरकीच्या ढेपेत मिनरल मिक्स्चर, म्हणजे क्षारांची भुकटी द्या, मीठ द्या, आणि मिळेल तेवढा हिरवा चारा."

हे ऐकून मी निर्मलकुमारच्या दुकानात गेलो. ढेप, मीठ त्याच्याकडेच मिळतं. तो म्हणाला, "नाना, ते मिनरल मिक्स्चर नाही ठेवत मी. त्यात हाडांची भुकटी असते. आमच्या घरात ते चालायचं नाही."

आमच्या गावाची एक सवय सांगतो. शेठ जे ठेवत नाही, त्यात काहीतरी खोट आहे, असं आम्ही धरून चालतो. धुळ्याहून पुडा आणता आला असता, पण सुंदरबाईनेच तो गोठ्यात येऊ दिला नसता. म्हणजे गाय हाडं खाते म्हणून औषध पाहिजे, आणि औषधात हाडं म्हणून ते नको. पवळी तशीच भिंत चाटत उभी.

झमकूबाई आतून हे ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "निर्मल, तू बघितलीस का हाडं?"

"सगळे म्हणतात, माँ."

"सगळे तर गाईला भूत लागलं म्हणतात."

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, काही ठिकाणी हाडांपासून करतात, काही ठिकाणी खाणीतल्या दगडापासून, दगडाचं मागवा. एका कारखान्याचा नंबरही दिला. दुकानातच फोन लागला. आवाज मोठा केलेला, बसथांब्यावरची माणसंसुद्धा ऐकायला जमली.

"बेटा, सच बोलना. हड्डी है क्या?"

"नहीं माताजी, पत्थर का फॉस्फेट है।"

"तेरी माँ को खिलाएगा?"

"माताजी, वो तो गाय का है..."

सगळे हसले, निर्मलकुमारसुद्धा. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "माँ, उद्या खोटं निघालं तर?"

"तर दोष माझा. पण तुझ्या शंकेपायी ती खरी हाडं खातेय, तो दोष कोणाचा?"

माल आला. पहिला पुडा झमकूबाईंनी ओट्यावर बसून स्वतः फोडला. घमेल्यात भिजवलेली ढेप, त्यात मीठ, गुळाचं पाणी आणि ती करडी भुकटी, सगळं उघड्या हातांनी कालवलं. कांदा न शिवणारी बाई कोपरापर्यंत भरलेली. गाव बघत होतं. वना म्हणाला, "शेठाणीनी हात घाला, आते कोन काय बोलई?" त्या दिवसापासून सुंदरबाईने त्या पुड्याविरुद्ध एक शब्द काढला नाही.

पवळी लगेच बरी झाली असं नाही. किती तरी दिवस मला वाटायचं की उपयोग नाही. मग केव्हातरी लक्षात आलं, भिंत कोरडी आहे. पाय मोकळे पडायला लागले. व्यायच्या वेळी ती खाली बसली आणि उठेना, तेव्हा डॉक्टर मेघांनी येऊन शिरेतून सलाईन दिलं. म्हणाल्या, "अंगात थोडं तरी साठलंय म्हणून हिला साथ देता आली." दुपारी पवळी धडपडत उभी राहिली. वासरी झाली होती, टपोऱ्या डोळ्यांची. सुंदरबाईने तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघितला. वासरीने मान मागे घेतली, आणि सुंदरबाई रडायला लागली.

गाय व्याल्यावर काही दिवस तिचं दूध जैन घरात चालत नाही, एवढं मला माहीत होतं. ते दिवस मी जाऊ दिले. मग लोटाभर दूध घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

"बाई," मी म्हणालो. पुढचं काही येईना.

त्यांनी लोटा घेतला. "वासरीला कधी आणता? तिला दार माहीत नको का व्हायला?"

आता वना पुन्हा जुन्या वाटेने गुरं नेतो, नाल्याच्या वरच्या अंगाने. त्याने चिंचेखाली गुरांना चाटायला मिठाची वीटही टांगली आहे. पवळी ओट्याशी थांबते, वासरी मागून डोकं घुसवते आणि रोटीचे दोन तुकडे होतात. झमकूबाईंना मराठी वाचता येत नाही. निर्मलकुमारने हे त्यांना वाचून दाखवावं. ओट्यावर मला जे बोलायचं होतं, ते हेच होतं.