नेतीचा लोटा

किला गेटपाशी तो नाक धुवायचे, जलनेतीचे लोटे विकायचा. स्वतःचं नाक मात्र सारखं रुमालाने पुसायचा, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसेना. पण सायनसने डोकं इतकं जड झालं होतं की एक लोटा उचललाच.

“पानी कौन सा लोगी?” त्याने विचारलं.

“देवघरातलं गंगाजल. सबसे शुद्ध.”

“उबालकर, ठंडा करके?”

“गंगाजल कोई उबालता है क्या?”

त्याने माझ्या हातून लोटा काढून घेतला आणि पुसून आपल्या पिशवीत परत ठेवला. “फिर मत लो, बहनजी. कच्चे पानी का कीड़ा नाक से दिमाग तक जाता है.”

यातही त्याचा काहीतरी डाव असणार, असं पुटपुटत घरी आले. देवघरातून सासूबाईंच्या वेळची गंगाजलाची बाटली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजेडात धरून पाहिली.