आबांच्या अँबॅसिडरचे कॅलिपर

गॅरेजमधलं भंगार दर दिवाळीला भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच जातात. बारामती एमआयडीसीच्या रस्त्यावर मी आणि माझा पार्टनर बापू, आम्ही दोघांनी नव्वदच्या दशकात गॅरेज चालवलं. त्यातले निम्मे किस्से एकट्या शेळगावच्या आबांच्या अँबॅसिडरचे.

झालं असं, की आबांची गाडी ब्रेक न लागून उसाच्या बैलगाडीवर मागून आदळली. काच फोडून ऊस आत आला, तो थेट आबा आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, यांच्या मधोमध. काकू खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "ह्या गाडीत आता मी बसायची न्हाय. थांबाया लागली की सांगा, न्हायतर इकून टाका."

तेव्हापासून काकू माहेरी, म्हणजे कळसला, एसटीने जायच्या. आणि आबा एसटीच्या मागून मोकळी गाडी घेऊन जायचे. आम्ही हसायचो, पण मला वाईटही वाटायचं. त्या माणसाला गाडीही हवी होती आणि गाडीत काकूही.

म्हणून आबा पुण्याहून डिस्क ब्रेकचा सेट घेऊन आले. कुठल्या तरी बाहेरच्या कंपनीचा. चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे दोन कॅलिपर, चकत्या आणि नटबोल्टची पिशवी. दुकानदाराने सांगितलं होतं, "डोळे झाकून बसवा." बापूने ते फारच मनावर घेतलं.

* * *

पहिल्यांदा चाकच बसेना. कॅलिपर रिमला आतून घासत होता. मी जेवून आलो तर चाक बसलेलं, वर गरागरा फिरतंय. मी खूश! मग लक्षात आलं, चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतंय. बापूने मधे वॉशरची चळत घातली होती आणि नट जेमतेम दोन आट्यांवर धरले होते.

"बापू, चाक निघून पडंल की."

"पडलं तर दिसंल की आबांला," बापू शांतपणे म्हणाला, "म्होरलंच हाय."

शेवटी मोठ्या मापाच्या रिम आणल्या.

* * *

मग पेडल. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली की पेडल सरळ खाली जातं. ती काढायला एकाने पेडल मारायचं आणि दुसऱ्याने कॅलिपरचं निपल सोडायचं, म्हणजे ऑइलबरोबर हवाही बाहेर येते. मी मारून मारून थकलो, पोटऱ्यांत गोळे आले, पण पेडल काही घट्ट होईना. बापू मात्र खालून कंपनीचं कौतुक करत होता. "माणूस हुशार हाय. निपल खालच्या अंगाला दिलंय, हात लगीच पोचतो."

मी वाकून पाहिलं आणि बघतच राहिलो. हवा वर चढते, म्हणून निपल वर असावं लागतं. पठ्ठ्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता!

"एकच चुकला असता तर ध्यानात आलं असतं," बापू म्हणाला. "दोनी सारखं दिसत हुतं."

* * *

गाडी तयार झाली. आबा ती घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला परत आले. म्हणजे आले ते गेटमधून आत, आमच्या समोरून पुढे आणि थेट वाळूच्या ढिगात. माझा चहा अंगावर सांडला. आबा धडधाकट बाहेर आले. मी पुढची चाकं खोलली. आत दोन्ही चकत्या लालभडक, आणि तेलाने माखलेल्या.

"पूजा केली," आबा म्हणाले. "बॉनेटवर कुंकू लावत हुतो, तर ही म्हणली, नवं काय ते चाकात हाय, बॉनेटवर कशाला? मंग चाकं काढून दिली. तेलात कुंकू कालवून तिनंच लावलं. लई मनापासून लावलं बघा."

मी पेट्रोलचा डबा आणायला गेलो.

* * *

सगळं धुऊन, नवे पॅड घालून शेवटची ट्रायल ठरली. शेळगाव ते कळस. काकू बसायला तयार झाल्या, पण एका अटीवर. "मिस्त्री म्होरं बसंल. न्हाय थांबली तर आदी त्याला कळू दे. आणि न्हाय थांबली तर उद्याच गाडी इकायची."

मी पुढे, काकू मागे. स्टेअरिंगवर आबा, घामाघूम. कळसच्या अलीकडे वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मेंढरं. माझ्यासमोर पेडल नव्हतं, तरी माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. मी डोळेच मिटले.

गाडी थांबली. डोळे उघडले तर शेवटचं कोकरू बंपरला अंग घासत निवांत पलीकडे चाललं होतं. मागून काकूंचा आवाज आला, "थांबली की वो. आता ऱ्हाऊ द्या गाडी." त्यांनी पदराने डोळे पुसले. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता, पण मला वाटलं, नव्या पॅडचाच असेल.

आबा मात्र पुतळ्यासारखे बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर खाली पायांकडे. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्या कानाशी आले.

"मिस्त्री, माझा पाय अजून ब्रेकवर गेलाच न्हाय."