कळसूबाईची शेवटची शिडी

काल पावसात भिजलेले खिडकीचे गज पुसताना हाताला गंजक्या लोखंडाचा वास लागला आणि मी एकदम कळसूबाईच्या शिडीपाशी जाऊन पोचले.

तेव्हा मी कॉलेजात होते. आईचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी, बारी गावात. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी तिला देवीला जायचंच होतं. कुणाचं ऐकेना. कातळातली उभी वाट ती थांबत, धापा टाकत चढली. शेवटच्या शिडीपाशी मात्र खाली बसली. ओठ निळसर पडले होते.

"तू जा वर, ओटी भरून ये. मी हितनंच हात जोडते," म्हणत तिनं खण-नारळ माझ्या ओढणीत बांधला.

"पुढच्या वर्षी दोघी जाऊ वर," मी म्हणाले.

"व्हय, जाऊ की."

दर्शन घेऊन उतरले, तर ती खाली टक लावून बसलेली. गावातली कौलं, पिवळी पडलेली भातखाचरं, त्यांतून गेलेली पायवाट.

"लई बेस दिसतंय गं. जरा बसू दे."

मला वाटलं, दम खातेय.

ऑपरेशननंतर ती घरी आलीच नाही.

आता मी तिच्या वयाची झालेय. माहेर ती शेवटचं डोळ्यांत साठवत होती, हे आज कळतं. आणि मला ते कळू नये म्हणून सबंध उतारभर, माझा हात धरून, ती माझ्या लग्नात कोणतं लुगडं नेसणार ते सांगत राहिली.